करंट गेला की

वडगावात आमच्या गल्लीत घरटी दोन माग,
बसवंत तारिहाळकराकडे चार.
खटखट अशी, की नवा पाहुणा
पहिला दिवस "आं? काय म्हटलासा?" यातच घालवायचा.
आम्ही ओठ बघून बोलायचो.
रेडिओ होता. वाजायचाही. ऐकू येत नव्हता.

खरं करंट गेला की
एकेक माग खोकून गप्प व्हायचा,
धोटा अर्ध्या वाटेत,
आणि शेजारच्या गंगव्वाची आमटी
रटरटताना भिंतीपलीकडून कळायची.

अप्पा टू-इन-वन उंबऱ्यावर आणायचे.
सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला उचल घेऊन आणलेला,
चार सेलवर चालणारा,
सेल कौलावर उन्हात तापवून तापवून
आणखी आठवडाभर जगवलेले.

एकदा काट्याची दोरी तुटली.
ईराप्पा बसेट्टीकडं दोरी नव्हती,
त्यानं आमच्याच मागावरचा रेशीमधागा ओवून दिला.
तेव्हापासून काटा धारवाडवर
आणि आवाज सांगलीचा.
अप्पा तक्रार घेऊन गेले तर म्हणाला,
"आवाज बरोबर हाय न्हवं?
मग काट्याला कशाला विचारायलास?"
त्या वर्षी पाट्यांना डांबर फासणं चाललं होतं,
रात्री एकांची, पहाटे दुसऱ्यांची.
ईराप्पाच्या दुकानाला पाटीच नव्हती.
दारात एक फुटका स्पीकर टांगलेला,
तेवढ्यावर सगळं गाव त्याला ओळखायचं.

गाणं लागलं की अप्पा बोट वर करायचे.
लाल बटण आणि काळं बटण, एकदम.
आम्ही श्वास धरून.
तरी गंगव्वाचा खोकला आला आहे,
रेणुकाचं पैंजण आलं आहे,
एका भावगीतात, ऐन आलापावर,
"अगं ते दूध बघ" आलं आहे.

आणि मग, कधी दुसऱ्या कडव्यात,
कधी तिसऱ्याच्या तोंडाशी,
करंट यायचा.
आधी बसवंताचे चार,
मग आमचे दोन, मग गल्लीच.
आमच्या घरात एकही गाणं पुरं नव्हतं.
कॅसेटच्या कागदावर अप्पांच्या अक्षरात
नावापुढं लिहिलेलं असायचं:
अर्धं. पाऊण. बहुतेक सगळं.

टेप गुंतली तर आई सोडवायची.
कांड्या भरून भरून तिची बोटं अशी झालेली
की गुंता तिला बघूनच सैल पडायचा.
ती गाणी ऐकत नसे. म्हणायची,
"करंट नाही तवा तुमाला सुचतंय.
मीटर पडलं नाही तर खाणार काय?"

माग गेले. किलोवर.
फरशीत बोल्ट तेवढे राहिलेत,
लेकीचा पाय ठेचाळतो, ती मला बोलते.
करंट आता गेला तरी कळत नाही,
इन्व्हर्टर मधल्यामधे सांभाळून घेतो.

परवा फोनवर ते गाणं पुरं ऐकलं.
पन्नाशीला आल्यावर तिसरं कडवं भेटलं.
बरं आहे. फार काही नाही त्यात.
रेणुकाला इचलकरंजीला पाठवलं,
तिचा फोन आला: "चुकीचं आहे रे हे,
आपल्यात इथं खटखट येते."

टू-इन-वन अजून कपाटावर आहे.
ईराप्पाचा नातू मोबाईलची काच बदलतो,
त्यानं उघडून बघितलं, म्हणाला,
"अंकल, यात धागा कुणी घातलाय?"
सेल घातले. चालला, जरा ओढत.
कॅसेट पुढं गेली, आलाप, दूध, पैंजण,
आणि माग सुरू व्हायच्या आधी,
हे मी कधी ऐकलंच नव्हतं इतक्या वर्षांत,
अप्पांचा आवाज, अगदी माईकजवळ,
एकच शब्द:
"आला."

दोनतीनदा मागं घेऊन ऐकलं.
हातात मजुरी आली म्हणून म्हणाले,
का गाणं गेलं म्हणून,
आईला विचारलं.
ती म्हणाली, "बटण बंद कर आधी.
सेल संपतील."