कुत्री आवरा

त्या माळावर तंबूला दार असतं,
पण त्यावर कुणी टकटक करत नाही.
लांबूनच ओरडायचं: कुत्री आवरा!
मग आतून कुणी येतं, दोन मानगुटी धरून उभं राहतं,
तेव्हा पाहुणा आत.

त्सेत्सेगदारी तशीच ओरडली, व्हॅनमधून उतरता उतरता.
हातात डब्याएवढं यंत्र, खिशात जेलची बाटली.
तोमोरतोगो खाटेवर आडवा झाला, उजवा हात डोक्याखाली.
बरगड्यांमधून यंत्राने दहा टिचक्या मारल्या.
मऊ यकृतात टिचकी रेंगाळत जाते,
कडक झालेल्यात धावते.
त्याच्यात धावली.
एकोणीस, ती म्हणाली. पाच हवे होते.

दारू, तो स्वतःच म्हणाला, चोरी कबूल करावी तसा.

दारूही. पण आधी विषाणू,
आईकडून आलेला, किंवा शाळेतल्या त्या एकाच सुईतून
जी सगळ्या वर्गाला पुरली. आता कोण सांगणार?
आणि तो फारसा चावत नाही, ऐक.
कोपऱ्यात बसून राहतो, न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
चावतात ती तुझीच कुत्री.
लांडग्याच्या वासाने उठतात; उठावंच त्यांनी.
पण लांडगा सापडत नाही, वास हटत नाही,
चाळीस वर्षं भुंकणं,
एकाचं ऐकून दुसरं, दुसऱ्याचं ऐकून टेकडीपलीकडचं,
शेवटी मेंढ्याच धरतात.
एक मेंढी पडली की तिच्या वासाने आणखी दहा येतात.

तक्त्यावर पेशींतून ठिणग्या उडत होत्या.
त्या कशा सांगायच्या ते तिला जमेना.
प्राणवायू, म्हणाली, जगवतो तोच, पण त्यातला थोडा उधळतो...
चुलीपाशी दुलमसुरेन गप्प होती.
उठली, मेंढीच्या कोथळ्यात भरलेलं गेल्या शरदातलं लोणी आणलं,
चिरेतून हुंगायला दिलं.
असं?
हो, असंच. पेशीच्या कडेची चरबी अशीच खवट होते.
विझवायला पाणी असतं, यकृतच ते भरून ठेवतं,
पण रोजची आग, हंडा किती पुरणार?
आणि दारू येते ती हंडा लवंडूनच.

मग जळलं तिथे ठिगळ.
ठिगळावर ठिगळ.
नमद्याची आता घडी होत नाही, एवढंच त्या एकोणीसमध्ये लिहिलंय.

त्यांच्याकडे सोयऱ्यांना ‘एका यकृताचे’ म्हणतात.
आपण काळीज म्हणतो आणि हात डावीकडे छातीवर नेतो.
खाटकाला विचारा, तो बरोबर जागा दाखवेल.

गोळी रोज एक, न चुकता. कुत्री हळूहळू बसतील.
ठिगळं?
काही उसवतातही, ती म्हणाली. सगळी नाही.

तेवढ्यात शेजारी आले, वाडगा फिरू लागला.
त्याच्याकडे आला तेव्हा सगळे दुसरीकडे बघत होते.
त्याने अनामिका बुडवली, एक थेंब आभाळाला उडवला,
एक वाऱ्याला, बोट कपाळाला लावलं,
आणि वाडगा पुढे दिला, भरलेला.
असं करता येतं तिथे. कुणाचा अपमान होत नाही.

नात खाटेवर जाऊन पडली: आता मला.
चार पूर्णांक एक.
टिचक्यांनी तिला गुदगुल्या झाल्या, दोन आकडे वाया गेले.

व्हॅन निघाली तेव्हा कुत्री भुंकतच होती,
चाकांवर, धुळीवर, कशावर कोण जाणे.
दुलमसुरेन दोघांची मानगूट धरून उभी,
व्हॅन टेकाडाआड गेल्यावरही
तिने लगेच सोडली नाहीत.