हुंकार द्यायचा नाही

सूचनापत्रिकेतलं तिसरं कलम: मूल बोलत असताना
मान हलवू नये, अडलेला शब्द पुरवू नये,
हुंकार द्यायचा नाही.
मी घड्याळ सुरू करते.

एलिएसेर मान्सिया, सात वर्षं नऊ महिने.
चिलोए बेटावरची दोन खोल्यांची शाळा,
लाकडाच्या शेगडीवर वाळत घातलेले लोकरी मोजे,
त्यांचा ओला, मेंढीसारखा वास,
आणि टेबलावर
सान्तियागोहून आलेली सहा चित्रं.
मुलगी बकरीला होडीत बसवते.
होडी खुंटाला बांधते.
गाठ सुटते. होडी वाहत जाते.
मुलगी हाका मारते.
शेवटी दोघी घरी, बकरी मुलीची टोपी खाते आहे.

तो दुसऱ्या चित्रावरच अडून बसतो.
"मावशी, ही गाठ कोणी मारली?"
(उत्तर देऊ नये.)
"गाय बांधायची गाठ आहे ही. होडीला अशी मारत नाहीत."
मग चौथ्यावर बोट ठेवून,
"आणि इथे ओहोटी आहे. शिंपले उघडे पडलेत, बघ ना.
होडी जाईल कुठे? गाळात बसेल."

माझ्या कागदावर रकाने आहेत.
पात्रं, ठिकाण, अडचण, खटपट, शेवट.
'एन्तोन्सेस' किती, 'पेरो' किती,
म्हणजे आपले 'मग' आणि 'पण',
मोजायचे, पोत्यातून बटाटे निवडावेत तसे.
चित्रकाराची चूक पकडली तर गुण किती,
ते कुठे लिहिलेलं नाही.

"सांगतोस ना गोष्ट?"
एवढं विचारायची मुभा आहे.
"पण तुला दिसतेयच की ती. सांगू कशाला?
तोंड फिरव तिकडे."

मी खिडकीकडे तोंड फिरवते.

"बकरी होडीत. होडी गाळात. मुलगी घरी गेली,
ओहोटीला हाका मारून काय होणार.
बकरीने दोर खाल्ला.
मग वल्ह्याची मूठ चाटून बघितली, खारट.
मग अंधार झाला.
आणि मग, आणि मग होडीच्या खालून
पाणी आलं, आवाज न करता,
बकरीला वाटलं, जमीनच श्वास घेतेय..."

इथे तो थांबला.

इथे हुंकार लागतो, हे त्याला ठाऊक होतं.
मलाही.
माझ्या पाठीकडे बघत असणार.
शेगडीत एक ओंडका कलला.
दहा सेकंद. बारा.
"झालं," तो म्हणाला, आणि मोजे घालून
पाव खायला पळाला.

अडचण: एक. खटपट: शून्य.
शेवट: शून्य.
'एन्तोन्सेस' चार.
'पेरो' एकच, तोही मला उद्देशून, म्हणजे
धरायचा नाही.

संध्याकाळी फेरीबोटीच्या धक्क्यावर गाड्यांची रांग.
पाणी पार मागे गेलेलं,
होड्या गाळात कुशीवर निजलेल्या,
एकीचा दोर कोणीतरी नीट,
अगदी नीट बांधलेला.
मागच्या सीटवर एकवीस मुलांचे कागद.
मी काच खाली केली,
आणि बराच उशिरा, कोणी ऐकणारं नसताना, म्हणाले,
"हं.
मग?"