लिंबं, मीठ

कलिमा तीन दिवस ग्वीमारवर बसून होती.
समुद्रापलीकडच्या वाळवंटानं चाळून पाठवलेलं
विटकरी पीठ: खिडक्यांवर, दातांत, बडिशेपेच्या पानांवर.
चौथ्या दिवशी गुमेरसिंदोनं खालून हाक मारली,
ऊन भिंतीवर चढायच्या आत ये.
आणि अंगठी काढून ये.

गाडी काळी. काळा रंग काही लपवत नाही,
म्हणतो तो, आणि एकतीस वर्षं
त्यानं दुसऱ्यांच्या गाड्यांना रंग मारलाय.
आता छातीत त्या रंगाची शिट्टी वाजते
आणि हात त्याचं ऐकत नाही.
म्हणून माझा हात.

मी फडकं उचललं तर केवढ्यानं ओरडला!
कोरडं पुसतेस? धूळ नाही ती, दळलेली काच आहे.
आधी पाणी, नुसतं पाणी, छपरापासून खाली,
झोपलेल्या माणसाला उठवावं तसं.
इथं पाणी मोजून येतं,
आंघोळीला तो तांब्या तांब्यानं हिशेब ठेवतो,
पण या पहिल्या पाण्याला हात आखडत नाही.

मग दोन बादल्या.
एकीत साबण, भांड्यांचा नव्हे, तो वरचं मेण खातो.
दुसरीत साधं पाणी, तळाशी उपडी घातलेली
नीवेसची जुनी चाळणी.
मोजा साबणात, गाडीवर एक पट्टा,
मग चाळणीवर घासायचा, खडे खाली सोडायचे,
तेव्हा कुठे परत साबणात.
गोल गोल नाही. सरळ, गाडी धावते तसं.
दाबू नकोस. नुसत्या हाताचं ओझंसुद्धा पुष्कळ होतं.

एकदा मोजा निसटून जमिनीवर पडला.
मी उचलला, झटकला.
तो काही बोलला नाही. मोजा माझ्याकडून घेतला
आणि कुंपणापलीकडे भिरकावला.
अजून निवडुंगावर लटकलाय,
पाच बोटं पसरून.

चाकं शेवटी, त्यांचं फडकं निराळं.
मग टॉवेल अंथरायचा, टिपायचं, घासायचं नाही.
मी बॉनेटपर्यंत आले आणि भिंतीवरून ऊन तिरपं उतरलं.
तेव्हा दिसलं: केसाएवढ्या रेषा,
वळणदार, शाळेतल्या अक्षरासारख्या.
लिंबं. मीठ.

अकरा वर्षांपूर्वीची कलिमा.
नीवेसची बस आलेली, कागद सापडेना,
तिनं बोटानं धुळीतच यादी लिहिली.
नवी गाडी, दुसरा आठवडा.
तो इतका बोलला की ती बहिणीकडून
ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा परतली.

अर्ध्या तासाचं तर काम आहे, मी म्हटलं,
पॉलिशचं यंत्र पडलंय तुमच्याकडे.
त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
वरचा थर कागदाहून पातळ असतो, म्हणाला,
दर पॉलिशला थोडा जातो.
उगाच कशाला खरवडायचं.

मग टॉवेल माझ्याकडून घेऊन
कोरडी बाजू वर केली
आणि तेवढी जागा त्यानंच टिपली,
थरथरत, न दाबता.

वरून खिडकी उघडली.
जेवायला या दोघं, नीवेस म्हणाली,
मासे तळलेत.
लिंबं नाहीत.