दोन भोवरे

साउदॅम्प्टन. तळघर. टाकी क्रमांक चार.
पाण्यात काचेची पूड, पिठीसाखरेहून बारीक,
आणि लेझरचा हिरवा पदर उभा धरलेला.
सेकंदाला दोन हजार फोटो.
मी मॉडेलला पाण्याची खळबळ वाचायला शिकवतेय.

मोठा भोवरा फुटतो, त्याची पिल्लं होतात,
पिल्लांची पिल्लं,
शेवटी उरते नुसती ऊब,
तीही थर्मामीटरला न कळणारी.
समीकरण मला तोंडपाठ आहे.
पाठ असणं म्हणजे येणं नव्हे.

अकरा रात्री मॉडेल चुकलं.
बाराव्या रात्री त्यानं पुढचा क्षण बरोबर काढला,
त्याच्या पुढचाही.
फक्त खांबामागे, डावीकडे,
एक चिमुकला भोवरा जास्तीचा.
दर वेळी. त्याच जागी.

दोन आठवडे मी डोळ्यात तेल घालून
त्याच्यामागे होते.
निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं.
मग ग्लेनिस शिडीवर चढली,
ओल्या फडक्यानं काच पुसली,
म्हणाली, बुडबुडा होता. चिकटलेला.

बुडबुडा गेला.
मॉडेलला कोण सांगणार?
ते अजून तो भोवरा काढतं, इमानेइतबारे,
स्वच्छ पाण्यात.

संध्याकाळी ऋजुलाचे केस विंचरताना
टाळूवर दोन भोवरे दिसतात.
सासूबाई फोनवर सांगतात, दोन लग्नं होणार पोरीची,
आमच्या धाकट्या नणंदेची झाली.
मी हसते. नमुना एक, अनुमान पक्कं.

तरी कंगवा तिथे आला
की थोडा वळतोच.