जाळ थोडा वाढवा

मोर्चा शुक्रवारी. फ्लेक्स गुरुवारी रात्री हवा,
दहा बाय आठ, चारी कोपऱ्यांना कड्या.
चौघं जण आली माझ्या दुकानात,
उमा टॉकीजच्या मागल्या बोळात,
आणि पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला
देवापुढं नारळ ठेवावा तसा.

पडद्यावर घर उघडलं.
छप्पर नाही. तुळया काळ्या.
दारात उलटं पडलेलं जातं
आणि धूर, तोही विझत आलेला.
खाली ओळ त्यांनी लिहूनच आणलेली :
अठ्ठेचाळीस विसरणार नाही.

हर्षद इंगवले म्हणाला, काका,
जाळ कमी वाटतोय. थोडा वाढवा.

माझ्याकडे जाळ तयार असतो.
मंडळांना लागतो, कुस्तीच्या मैदानाला लागतो,
वाढदिवसाच्या दादाच्या पाठीमागंही मीच पेटवतो वणवा,
तेवढ्याच दरात.
माउसची एक टिचकी, बस्स.
बोट तिथंच राहिलं.
म्हटलं, पोरांनो, हे घर एकदा जळलंय.

मग तुम्ही त्यांच्या बाजूचे, तो म्हणाला.
कुणाच्या, ते सांगितलं नाही.
आणि ह्या कोपऱ्यातला पोरगा कापा,
उगाच मध्ये येतोय.

मी मोठं करून बघितलं.
नऊ-दहा वर्षांचा, अनवाणी, चड्डी ढगळ,
डोक्यावर हंडा, अंगापेक्षा मोठा.
हसत नव्हता, रडत नव्हता,
मान ताठ ठेवून वजन पेलत होता.

ह्याला कापणार नाही, मी म्हटलं.
घर जळालं ते तुम्ही चौकात टांगाल.
हंडा कुणाच्या घरी गेला
ते कुठल्या चौकात टांगायचं?

काका, प्रिंट पाहिजे, प्रवचन नको,
राजारामपुरीत दुकानं काय कमी हाईत?
तिघं गेले.

अन्विता चौगले थांबली,
हेल्मेट कडेवर लेकरासारखं धरून.
मी भांडायला थांबलो नाही काका, म्हणाली,
आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी.
जाळ खोटा, मान्य.
पण तुम्ही एवढी सगळी माणसं
पंच्याहत्तर वर्षं गप बसला,
त्यात खरं काय होतं?
आमच्यात हा विषय निघाला
की आजोबा रेडिओचा आवाज वाढवायचे.
त्यांनी आवाज वाढवला.
आम्ही जाळ वाढवतोय.

मला उत्तर आलं नाही.
चहा सांगू का, म्हटलं.
नको, मी जातो, म्हणाली,
आणि गाडीला तीनदा किक मारून गेली.

घरी न्हाणीत एक तांब्याचा हंडा आहे.
बाजारातनं आणला, बाप म्हणायचा.
कुठल्या बाजारातनं, मी विचारलं नाही,
आणि न विचारण्यात मी लहानपणापासून हुशार.
काठाखाली नाव होतं,
तेव्हा कोरायचे तसं, ठिपक्याठिपक्यांनी.
कुणीतरी कानशीनं घासलंय.
'सौ.' तेवढं शिल्लक,
पुढं नुसती खरवड,
बोट फिरवलं की लागते.

फोटोतला पोरगा माझा बाप नव्हे.
वय जुळत नाही, बाप तेव्हा बावीसचा होता.
हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणतो
आणि वाक्य संपेपर्यंत गार पडतो.

शुक्रवारी बिंदू चौकात त्यांचा फ्लेक्स लागला.
दुसऱ्या कुणीतरी छापलेला. जाळ आभाळापर्यंत,
केशरी, चकचकीत, वाऱ्यानं फडफडणारा.
खालनं माणसं वडापाव खात जात होती.
पोरगा कापलेला होता,
पण कापणाऱ्याचा हात जरा हलला असावा :
उजव्या कडेला हंड्याचा काठ राहिलाय,
नखाएवढा. ज्याला माहीत आहे
त्यालाच दिसेल.

बिलबुकात अन्विताचा नंबर आहे.
काल रात्री न्हाणीतला दिवा लावून
हंड्याचा फोटो काढला, जाळ नाही, काही नाही.
'सौ.' स्पष्ट आलंय.
अजून पाठवलेला नाही.