कागद की कापूस

खय्यूमने फिल्टर काढला
आणि पाथरी रोडच्या उन्हात धरला.
पलीकडचं काहीच दिसेना,
ना सूर्य, ना समोरची रसवंती.
"भाऊ, ही गाडी नाक दाबून पळतीय
दिवाळीपासनं."

मग फरशीवर हलकेच आपटला.
पडलं ते एवढंसं, पण सगळं ओळखीचं:
पोखर्णी फाट्याची काळी माती,
सेलूकडचा मुरूम, रस्ता रुंद करताना उडालेला,
सोयाबीनच्या मळणीचा भुसा,
कुठल्याशा किड्याचा हिरवा पंख, शाबूत,
आणि सगळ्यात आत, कागदाच्या चुण्यांत दाबून बसलेली
आमच्या जिनिंगची रुई.
तीन वर्षं मी जिथं जिथं गेलो
तिथलं थोडं थोडं गाडी गिळत आली होती.
मला सांगितलं नाही कधी.

आता नवा कोणता टाकायचा?
कंपनीचा आहे, पिवळट कागदाचा,
दोनशे साठ रुपये, डब्यावर चकचकीत शिक्का,
भरला की फेकायचा.
आणि एक मेव्हण्याने, गुणवंतने, मोबाईलवर दाखवलेला:
लाल तेलात भिजवलेली कापसाची जाळी,
अडीच हजार, जन्मभर धुवा अन् वापरा.
"पिकअप बघा दाजी, अन् आवाज!
गल्लीत शिरताच कळलं पाह्यजे, कोण आलं."

कापसाची?
मी दोनदा विचारलं.
म्हणजे हंगामभर मी इथं मानवतला
रेच्यावर सरकी वेगळी करणार,
गाठी बांधून ट्रक रवाना करणार,
आणि तीच रुई कुठं कुठं हिंडून,
लाल तेलाने न्हाऊन,
अडीच हजाराला परत येणार
माझ्याच गाडीच्या नाकात बसायला.
जाताना सांगितलं असतं तर
पिशवीभर तशीच काढून ठेवली असती.

पान्याने डोकं खाजवत खय्यूम म्हणाला,
"हवा मोकळी जाती त्याच्यातून, खरंय.
पण हवा वाढली की पेट्रोल वाढवा,
जेट बदला, कार्बोरेटर पुन्हा लावा.
आणि दार मोकळं ठेवलं की
पाहुण्यामागं धुरळाबी येतो.
रेस लावायची तर घ्या.
कोणाशी लावायची पण?"

कोणाशीच नाही.
उलट तो आवाज घरी चालायचा नाही.
वळणावर माझी गाडी ऐकू आली
की शालन तवा ठेवते,
भिंतीवरचा बोका खाली उतरतो.
उद्या भलतंच काही गुरगुरत आलं
तर तवा थंड, बोका भिंतीवर,
आणि मी आपल्याच दारात परका.

बसव म्हटलं कागद. कंपनीचा.

तो स्क्रू पिळत बसला.
मी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला.
रुमाल कसला,
शालनच्या सुती लुगड्याचा तुकडा,
जिनिंगमध्ये नाकाला बांधायचा.
सहा हंगाम झाले.
दर रविवारी धुते, मोरीतलं पाणी
ताकासारखं होतं.
मालक कागदी मास्क देतो,
पण इन्स्पेक्टर यायच्या दिवशी,
आणि संध्याकाळी मोजून परत घेतो.

खय्यूमचे हात थांबले.
"दाखवा इकडं."
ग्रीसची बोटं पँटला पुसून
त्याने तो तुकडा दोन टोकांना धरला
आणि उन्हात वर केला,
मघाशी फिल्टर धरला होता तसाच.

रसवंती दिसत होती त्यातून. स्पष्ट.
चरकाची घुंगरंसुद्धा.