तेरा बाय आठ

झुल्मीरा गोळी आधी हुंगते.
"काडेपेटी," म्हणते. "ओली झालेली."
बरोबर आहे. रेणूच्या टोकाला गंधक आहे,
तोच तिचा दात.

रिबेइराच्या खोऱ्यात, सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी
मी अकरा वर्षं गोळ्या मोजते आहे.
बाहेर केळीच केळी, डोंगर चढून गेलेल्या,
आणि बुंध्याशी, वाळल्या सोपटांत
जराराका,
पाचोळ्याचा रंग घेऊन पडलेली.

तिच्या वडिलांना, ऑरेलिनोला, ती चावली
तेव्हा झुल्मीरा नऊ वर्षांची.
घड उतरवून ते खांद्यावर घेत होते.
पाय सुजला. हिरड्यांतून रक्त आलं.
लस शहरात होती, ट्रक पुलापाशी रुतलेला.
हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते.
एकाच वाक्याआधी थांबते:
"बाबा म्हणाले, दिवा कोणी बारीक केला?
भर दुपार होती."

मी बोलायला नको होतं कदाचित.
पण सांगितलं, की त्या विषात
नऊ मण्यांची एक बारीक माळ असते;
रक्तवाहिन्या आवळायला लावणारं जे विकर आहे
त्याच्या तोंडात ती जाऊन बसते, आणि ते गप्प होतं.
नळ्या सैल पडतात. दाब उतरतो.
उंदराच्या पायांत पळायचं बळ उरत नाही.
कोणीतरी ते नीट पाहिलं,
माळेवरून एवढीशी चावी घासली
कारखान्यात, सापाला हात न लावता.
पंचवीस मिलिग्रॅम. जेवणाआधी तासभर.

"म्हणजे हा बाबांचाच साप."
नाही हो, यात साप नाही.
"चावी बघून कुलूप कळतं की," ती म्हणाली
आणि गोळी पाण्याबरोबर टाकली.

सावकाश उठा, मी बजावलं होतं.
ऐकतंय कोण.
दुपारी अंगणातल्या खुर्चीवरून ती झटकन उठली
आणि केळीच्या पानांच्या कडा पांढऱ्या झाल्या,
मग राखाडी, मग
दिवा कोणीतरी बारीक केला.

दोन मिनिटं. भिंत धरून, मग जमिनीवर बसून.
"मला वाटायचं, त्यांना नुसतं दुखलं असेल,"
दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन म्हणाली.
"दुखलंच असणार. पण शेवटी हे पण होतं."
हे म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही; मागे रांग होती.

तेव्हापासून वेळ चुकवत नाही.
पहाटे पाचला, कॉफी चढवायच्या आधी.
सतरा बाय दहाचं तेरा बाय आठ झालं.
आमच्याकडे दाब असाच बोलतात, शेवटचा आकडा गाळून.
लाकडं उचलताना कोयता हाताशी ठेवते,
काही सरपटलं की अजूनही घाव घालते.
औषध वेगळं, साप वेगळा,
आता तीच मला शिकवते.

मग खोकला आला.
कोरडा, घशात केस अडकल्यासारखा, रात्रभर.
त्याचं मूळही तिथेच: विकर गप्प बसलं
की जे तुटून जायला हवं ते साचत राहतं.
त्यात कॉफीला पत्र्याची चव.
डॉक्टरांनी गोळी बदलली.

उरलेल्या पट्ट्या तिने परत आणल्या, रबर लावून.
मी मोजल्या. एक गोळी कमी.
वहीत लिहिलं नाही.

नवी पट्टी दिली. तिने फोडून हुंगली,
उलटी करून पुन्हा हुंगली.
"हिला वासच नाही."
नसतो.
"मग हिच्यात कोण आहे?"